पिकअप खाली बसवण्याआधी : चाके, टायर आणि आरसी बुक

ठाणे, प्रतिनिधी

कल्याणच्या बाजार समितीच्या आवारातून मालाने भरून बाहेर पडणारी पिकअप आणि तीच पिकअप माल उतरवून परत येताना पाहिली, तर दोन वेगळ्या गाड्या पाहिल्यासारखे वाटते. भरलेली गाडी सपाट, जमिनीला धरून चालते. रिकामी गाडी मात्र मागून उंच, जणू उडी मारण्याच्या पवित्र्यात असते. हा उंचावलेला मागचा भाग अनेक हौशी वाहनमालकांच्या डोळ्यांना खुपतो. गाडी भरलेली नसतानाही तशीच सपाट दिसावी, चाके मोठी असावीत आणि मडगार्ड व टायर यांच्यात जेमतेम बोटभर जागा राहावी, ही 'लोअरिंग'ची हौस मोटारींकडून आता पिकअपपर्यंत येऊन पोहोचली आहे.

कंपनीने मात्र ही उंची चुकून ठेवलेली नाही. ती मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे. भार पडला की पाटे दबतात आणि त्या दबण्याला वाव मिळावा म्हणूनच रिकामी गाडी उंच उभी असते. लोअरिंग करणारा ही जागा मोकळेपणी खर्च करून टाकतो, आणि पुढे माल भरला की हिशेब चुकतो.

या हौसेचे मूळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियात आहे. १९६४ पासून अमेरिकेने आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावले. तरीही जपानी कंपन्यांच्या लहान पिकअप तेथे पोहोचल्याच. काही काळ तर मागचा हौदा न लावता गाड्या जहाजात चढवायच्या आणि तेथे उतरल्यावर हौदा जोडायचा, अशी युक्ती चालत असे. १९७२ पासून शेवरोलेच्या नावाने विकली गेलेली 'लव्ह' ही पिकअप प्रत्यक्षात इसुझूने बनवलेली होती. याच स्वस्त, हलक्या गाड्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत तेथील तरुणांनी जमिनीला टेकवल्या. इसुझूची 'डी-मॅक्स व्ही-क्रॉस' २०१६ मध्ये भारतात आली आणि टोयोटाची 'हायलक्स' २०२२ मध्ये. म्हणजे घोडबंदर रस्त्यावर आज दिसणाऱ्या गाड्यांची घराणी तीच आहेत. आपल्याकडची पिकअपची परंपराही लहान नाही. १९८८ ची 'टाटामोबाइल', २००७ ची 'स्कॉर्पिओ गेटअवे', २००९ ची 'झेनॉन एक्सटी' या गाड्या अनेकांना आठवत असतील. मात्र कॅलिफोर्नियातील गुळगुळीत रस्त्यांवरची हौस शिळफाटा रस्त्यावर आणताना बरेच काही बदलते.

मागचा भाग खाली कसा येतो?

बहुतेक पिकअपच्या मागच्या बाजूला पाटे असतात. लांब पोलादी पट्ट्या एकावर एक बसवून केलेल्या या स्प्रिंगा मागच्या आसाला 'यू' आकाराच्या बोल्टने जखडलेल्या असतात. पाटे आसाच्या वर आहेत की खाली, हे आधी गाडीखाली वाकून पाहावे, कारण पुढचे सारे त्यावर ठरते. पाटे आसाखाली असतील तर आस आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालून गाडी खाली आणता येते. पाटे आसावर असतील, आणि चारचाकी चालना असलेल्या उंच पिकअपमध्ये ते सहसा तसेच असतात, तर तोच ठोकळा गाडी वर उचलतो. अशा गाडीत पाटे आसाखाली नेऊन बसवणे हा एक मार्ग उरतो. त्यात गाडी एकदम बारा ते पंधरा सेंटिमीटर खाली येते. परंतु मग आस चासीवर आदळू लागतो आणि त्याला जागा करून देण्यासाठी चासी कापून तेथे कमान जोडावी लागते. ज्या तुळईवर सारी गाडी उभी आहे तीच कापायची, याचा अर्थ वाचकांना वेगळा सांगायला नको.

गॅरेजमध्ये सुचवला जाणारा स्वस्त उपाय म्हणजे जुडग्यातील एक-दोन पट्ट्या काढून टाकणे. गाडी खाली येते, हेलकावेही मऊ होतात. परंतु भार पेलण्याची क्षमता त्याच प्रमाणात घटते आणि उरलेल्या पट्ट्या लवकर तुटतात. पुढच्या गुंडाळीच्या स्प्रिंगा कापणे किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून बसवणे हे तर करूच नये. तापवलेल्या पोलादाचा कस जातो आणि तो केव्हा जाईल हे दिसत नाही. काही जुन्या पिकअपमध्ये पुढे टॉर्शन बार असतो. त्याचा बोल्ट सैल केला की गाडी पाच मिनिटांत खाली येते. इतके सोपे असल्यामुळेच पुढे अलाइनमेंट करायचे राहून जाते आणि दोन-तीन महिन्यांत टायरची आतली कड गुळगुळीत होते.

एक बाब मात्र फारशी कोणी सांगत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी आसाला जोडलेली असते. चासी आसाच्या जवळ आली की गाडी भरली आहे असे तो समजतो आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी मागून खाली बसवली की हा व्हॉल्व्ह कायमचा फसतो. रिकाम्या गाडीला तो भरलेल्या गाडीचा ब्रेक देतो. मग पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरली, तर दोष टायरला दिला जातो. लोअरिंग करणाऱ्या कारागिराला हा व्हॉल्व्ह नव्याने कसा जुळवणार, हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर आले नाही तर काम त्याच्याकडे देऊ नये.

गतिरोधक, रॅम्प आणि पाणी

'डिफरन्शियल तर होता तेथेच आहे, मग गाडी घासेल कशी?' असा युक्तिवाद ऐकू येतो. तो अर्धा खरा आहे. मागचा अखंड आस चाकांवर असतो, स्प्रिंगांवर नाही. त्यामुळे पाटे बदलल्याने त्याची उंची बदलत नाही. ती टायरच्या व्यासावर ठरते. परंतु दोन आसांच्या मधला भाग, म्हणजे चासी, सायलेन्सरची नळी, डिझेलची टाकी आणि पायऱ्या, खाली येतो. नेमका हाच भाग गतिरोधकावर टेकतो. व्ही-क्रॉसच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर ३,०९५ मि.मी. आणि हायलक्सचे ३,०८५ मि.मी. आहे. इतक्या लांब गाडीचे पोट उंचवट्यावर अडकायला वेळ लागत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, असे म्हटले आहे. मध्यभागी २२ सेंटिमीटर मोकळी जागा असलेली गाडी साडेसात सेंटिमीटर खाली आणली आणि माणसे व सामान यांनी ती आणखी चार सेंटिमीटर दबली, तर साडेदहा सेंटिमीटर उरतात. म्हणजे नियमात बसणारा गतिरोधकही जेमतेम पार होईल. डोंबिवलीच्या गल्ल्यांत आणि गृहसंकुलांच्या फाटकांपाशी हौसेने घातलेले अरुंद, टोकदार उंचवटे कोणत्या नियमात बसतात, हे ते घालणाऱ्यांनाच ठाऊक. ठाण्यातील नव्या मनोऱ्यांच्या पोडियम पार्किंगचा चढ जेथे सपाट होतो, तेथेही हाच प्रसंग ओढवतो.

पावसाळ्याचा विचारही करावा लागतो. हायलक्स ७०० मि.मी. पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. गाडी जितकी खाली, तितका हा आकडा खाली. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी कल्याण-डोंबिवलीत अनुभवला त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

टायरवरचे आकडे

लोअरिंगचा बेत रद्द केला तरी चाके बदलण्याची इच्छा उरतेच, आणि थोडे गणित केले तर तेथे काही वाव आहे. टायरवर २५५/६० आर १८ असे लिहिलेले असते. २५५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५३ मि.मी. १८ हा रिमचा व्यास, इंचांत. रिमचे ४५७.२ मि.मी. आणि दोन भिंतींचे ३०६ मि.मी. मिळून टायरचा एकूण व्यास ७६३.२ मि.मी. येतो. २० इंची रिम हवी असेल तर २५५/५० आर २० चा व्यास ७६३ मि.मी. भरतो. मीटर चुकत नाही, मडगार्डशी असलेले अंतरही तेच राहते. मात्र भिंत १५३ वरून साडेसत्तावीस कमी दीडशेवर नव्हे, तर थेट १२७.५ मि.मी.वर येते. खड्ड्याचा मार झेलणारा इंचभर रबर गेला. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमधील खड्ड्यांनी दुचाकीस्वारांचे बळी घेतले होते. अशा रस्त्यांवर वीस इंची अलॉयची कड वाकणे हा दुर्दैवाचा नव्हे, वेळेचा प्रश्न असतो.

उलट व्यास बदलला तर मीटर खोटे बोलू लागते. २१५/७५ आर १५ चा व्यास ७०३.५ मि.मी., तर २३५/७५ आर १५ चा ७३३.५ मि.मी. हा फरक सव्वाचार टक्क्यांचा आहे. काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टच्या वेगाने धावत असते. मूळ व्यासापासून दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये.

मापानंतर येणारा भाराचा आकडा दुकानात सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. एका आसावरील दोन टायरांची बेरीज आरसी बुकातील त्या आसाच्या भाराहून कमी असता कामा नये. रुंद, चपटा, दिसायला रुबाबदार टायर अनेकदा येथेच नापास होतो. टायर कधी बनला, हे चार आकड्यांवरून कळते. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. स्वस्तात मिळणारा 'नवा' टायर चार-पाच वर्षे गोदामात पडून होता का, हे तेथे पाहावे.

रिम बसते, पण जुळते का?

हायलक्स आणि व्ही-क्रॉस या दोन्ही गाड्यांच्या चाकाला सहा बोल्ट असून त्यांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मि.मी. आहे. त्यामुळे एकीची रिम दुसरीला बसते, असे सांगितले जाते. परंतु मधले भोक हायलक्सला १०६.१ मि.मी. तर व्ही-क्रॉसला १००.१ मि.मी. लागते. मोठ्या भोकाची रिम लहान हबवर चढते खरी, पण मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. मधली पोकळी भरणारी कडी घालावी लागते. लहान भोक मोठे करण्यासाठी रिम खरवडून घेणे टाळावे. नटही रिमसोबत तपासावेत. काही मूळ अलॉयना सपाट वॉशरचे नट असतात आणि बाहेरून घेतलेल्या रिमना निमुळते. चुकीचा नट घट्ट वाटतो, पण पकडत नाही.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतर. साडेसात इंच रुंद आणि ३० ऑफसेटच्या रिमऐवजी नऊ इंच रुंद, १५ ऑफसेटची रिम घेतली, तर चाक बाहेरच्या बाजूला ३४ मि.मी. आणि आत ४ मि.मी. सरकते. बाहेर आलेले चाक मडगार्डला घासते, बेअरिंगवरचा ताण वाढवते आणि चिखल मागच्याच्या काचेवर उडवते. दुकानदार गाडी जॅकवर असताना चाक फिरवून 'बघा, कुठे लागत नाही' असे दाखवतो. खरी परीक्षा जमिनीवर असते. माणसे बसवून, हौद्यात नेहमीचे वजन ठेवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातील तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका कायम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मालवाहू वाहनाच्या नोंदणी अर्जात टायरची संख्या, वर्णन, माप आणि प्लाय रेटिंग लिहावे लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणजे पिवळ्या पाटीच्या पिकअपला टायरचे माप हा नोंदणीचाच भाग आहे. चासी कापणे किंवा पाटे हलवणे तर उघडच कायद्याबाहेर जाते.

मालवाहू पिकअपला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. पासिंगपुरते मूळ टायर चढवायचे आणि दुसऱ्या दिवशी उतरवायचे, ही पळवाट ठाणे काय किंवा कल्याण काय, कुठेच नवी नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक येतो तेव्हा गाडी जशी असते तशीच पाहतो. बदल विमा कंपनीला लेखी कळवलेला नसेल तर दाव्याचा वाद तेथूनच सुरू होतो. जुनी पिकअप घेणाऱ्यांनी तर एमएच ०४ असो वा एमएच ०५, गाडीखाली दिवा घेऊन जावे. चासीवर आसाच्या वर ताजी वेल्डिंग किंवा नवा रंग दिसला, 'यू' बोल्ट नवेकोरे आणि पाटे गंजलेले असले, पुढच्या टायरची आतली कडच तेवढी झिजलेली असली, तर ही गाडी कधीतरी खाली बसवून पुन्हा वर आणलेली आहे, असे समजावे.

टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मि.मी. खोल असावी लागते, परंतु आपल्या पावसात त्या आकड्याची वाट पाहत बसू नये. तीन मि.मी.वरच टायर बदललेला बरा. आणि नवी चाके बसवल्यावर ऐंशी ते शंभर किलोमीटर धावून झाले की नट पुन्हा एकदा, तेही टॉर्क पान्यानेच, तपासून घ्यावेत.