सहावा आकडा आला आणि फर्माचा अंदाज फसला

आजची गोष्ट एका आकड्याची. ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दम लागला ना वाचताना?

हा आकडा बनतो कसा, ते बघा. २ घ्या. त्याचा वर्ग ४, त्याचा १६, मग २५६, मग ६५,५३६. आता प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या! १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही.

सतराव्या शतकात फ्रान्समधल्या तुलूझला पिएर द फर्मा राहायचा. पेशानं न्यायाधीश, गणित म्हणजे छंद. १६४० मध्ये पत्रांतून त्यानं सांगितलं की अशा सगळ्याच संख्या मूळ असणार. पक्की सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्यानंच लिहिलं. पण माणूस एवढा मोठा, की अंदाजालाही वजन आलं.

सहावी संख्या म्हणजे आपला हा अगडबंब आकडा. तो हातानं तपासायचा तर ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. अशा संख्या आहेत ६,५४२. कोण बसणार?

१७२९ मध्ये गोल्डबाखनं पत्रातून हा प्रश्न लिओनार्ड ऑयलरपुढे ठेवला. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पंचवीस वर्षांच्या ऑयलरनं उत्तर दिलं: या आकड्याला ६४१ नं भाग जातो! ६४१ गुणिले ६७,००,४१७. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आत्ताच करून बघा.

यातली गंमत ऑयलरनं पुढे सिद्ध केली. या आकड्याचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ नं मोठाच असतो. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकाराला काम फत्ते! साडेसहा हजार भागाकारांचा डोंगर एका नियमानं सपाट केला.

फर्माच्या बाकीच्या संख्या वाया गेल्या का? मुळीच नाही. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसनं दाखवलं की नुसती पट्टी आणि कंपास घेऊन सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते. त्यामागे याच यादीतला १७ आहे. आणि ६५,५३७? तुम्ही सुरक्षित वेबसाइट उघडता, तेव्हा आरएसए नावाच्या कुलपात बहुतेक वेळा हाच आकडा बसवलेला असतो.

फर्माच्या यादीत सहावी मूळ संख्या मात्र आजवर कुणाला सापडलेली नाही.

मला ही गोष्ट आवडते, कारण इथं मोठं नाव हरलं आणि एक साधा भागाकार जिंकला. व्हॉट्सॲपवर कुणी पाच उदाहरणं देऊन ‘हे असंच असतं’ म्हणालं, तर तुम्ही एवढंच विचारा: सहावं तपासलंत का?