श्रमिक-छावण्यांतील हिवतापाचे मापन

घरापासून दूर, तात्पुरत्या वस्तीत राहणाऱ्या मजुरांना डासांमार्फत हिवतापाची लागण किती होते, हे ठरविण्याची पद्धती. धरणे, गोद्या, बांधकामे, ऊसतोड व तेंदूपत्ता संकलन यांवरील वस्त्यांसाठी ती वापरतात.

इतिहास : डेम्पस्टर या ब्रिटिश डॉक्टरांनी १८४० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातील कालव्यांकाठी गावकऱ्यांच्या प्लीहा चाचपून हिवताप मोजला. १९०९ च्या मुंबई वैद्यकीय परिषदेत क्रिस्टोफर्स व बेंटली या हिवताप-संशोधकांनी डुआर्सच्या चहामळ्यांचा दाखला देऊन मांडले, की ठिकठिकाणचे गरीब मजूर एकत्र आले की हिवताप भडकतो. बेंटली यांनी पुढे मुंबईची पाहणी केली. १९११ च्या अहवालात त्यांनी शहरातील विहिरींत वाढणाऱ्या ॲनोफेलिस स्टीफेन्सी या डासाकडे बोट दाखवले. विहिरी झाकण्यास किंवा बुजवण्यास धार्मिक कारणांवरून मोठा विरोध झाला. त्या काळात अलेक्झांड्रा (आता इंदिरा) गोदीचे काम चालू होते. शहरातील हिवतापाच्या साथीशी त्याचा संबंध जोडला जातो, वाटा किती याबद्दल मात्र एकमत नाही.

मापन : छावणीत प्लीहा फसवते. वाढलेली प्लीहा मजुराच्या मूळ गावाचा हिवताप सांगते, छावणीचा नव्हे. रक्ततपासणीतही हीच अडचण येते. समजा, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत चार दिवसांपूर्वी आलेल्या मजुराला हिवताप निघाला. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दहा ते पंधरा दिवस जातात, म्हणजे लागण बाहेरची. प्लास्मोडियम व्हायवॅक्स हा परजीवी तर यकृतात महिनोन्‌महिने दडून पुन्हा उलटतो.

म्हणून खरा पुरावा डासातच शोधावा लागतो. पहाटे झोपडीतून पकडलेल्या मादीच्या लाळग्रंथी सुईने सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. संसर्गक्षम डासात परजीवीचे विळ्यासारखे बाकदार, बारीक बीजाणुज (स्पोरोझॉइट) दिसतात. माणशी रात्री २० चावे आणि हजारात एक डास संसर्गक्षम असेल, तर ५० रात्रींत एक संसर्गी चावा पडतो. ग्रामीण भागातील मुख्य वाहक ॲनोफेलिस क्युलिसिफेसीज हा डास प्रामुख्याने जनावरांना चावतो. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांशेजारी (झोपड्यांशेजारी) बांधलेले बैल माणसांना वाचवतात की डास वाढवतात, यावर मतभेद आहेत.

छेदाचा प्रश्न : वार्षिक परजीवी निर्देशांक म्हणजे दरहजारी लोकसंख्येमागे वर्षात आढळलेले रुग्ण. छावणीत ही लोकसंख्याच ठरत नाही. ऊसतोडीच्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. सोबतची मुले त्यात धरलीच जात नाहीत. अशा यादीवरून काढलेला निर्देशांक छापण्यायोग्य नाही.



ऊसतोडीच्या फडावर जाणाऱ्या सर्वेक्षकाने आधी प्रत्येक कोपीतली माणसे स्वतः मोजावीत, पाळण्यातल्या लेकरासकट.