झुरळ कोणते, ते आधी ओळखा

मढच्या कोळीवाड्यात पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुके बोंबील, जवळा भरून ठेवण्याची रीत जुनी आहे. अशा साठवणीच्या डब्यांभोवती रात्री दिवा लावताच झुरळे पळताना दिसतात. मुंबईतील घरांत प्रामुख्याने दोन जातींची झुरळे आढळतात. त्यांच्या सवयी भिन्न असल्याने उपायही भिन्न आहेत. जात न ओळखता केलेली फवारणी बहुधा वाया जाते.

मोठे झुरळ
'अमेरिकन' म्हणून ओळखली जाणारी ही जात मूळची आफ्रिकेतील. जहाजांतून ती जगभर पसरली. लांबी सुमारे चार सेंटिमीटर, रंग तांबूस तपकिरी आणि डोक्यामागील ढालीला फिकट पिवळी कड. गटारे व मोरीच्या पाइपांतून ते घरात येते. मादी सुमारे १५ अंड्यांची कुपी आडोशाला चिकटवून निघून जाते.

लहान झुरळ
'जर्मन' झुरळाची लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर असते. ढालीवरील दोन गडद समांतर रेघा ही त्याची खूण. फ्रिजच्या मोटारीमागे, मिक्सरखाली, कपाटाच्या बिजागरीत त्याची वसाहत असते. मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी पिल्ले निघण्याच्या वेळेपर्यंत अंगाशीच बाळगते. त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते. नाव जर्मन असले तरी ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारमध्ये आशियाई झुरळापासून निर्माण झाली, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात आढळले.

सवयी आणि धोका
दोन्ही जाती निशाचर आहेत. अंग दोन्ही बाजूंनी टेकेल अशी अरुंद फट त्यांना आवडते. पिठाचे कण, सुकी मासळी, पुस्तकांची खळ असे काहीही त्यांना चालते. अन्नाविना ती बराच काळ जगतात, पाण्याविना मात्र फार तग धरत नाहीत. दिवसाही झुरळे फिरताना दिसू लागली, तर संख्या फार वाढली असे समजावे. त्यांच्या पायांवाटे रोगजंतू अन्नावर येतात. विष्ठेचे व कातीचे कण हवेत मिसळून दमेकऱ्यांचा, विशेषतः मुलांचा, त्रास वाढवतात.

उपाय
मोठ्या झुरळांसाठी मोरीला बारीक जाळी बसवावी व पाइपांभोवतीच्या भेगा बुजवाव्यात. लहान झुरळांसाठी त्यांच्या फटींत विषारी जेलचे ठिपके द्यावेत; त्यावर फवारा मारल्यास झुरळे जेलकडे फिरकत नाहीत. काही जर्मन झुरळे ग्लुकोजयुक्त आमिष टाळतात, म्हणून गुण न आल्यास जेल बदलावे. रात्री ओटा व सिंक कोरडे करून सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, हे पथ्य दोन्ही जातींना लागू पडते.