कटिबद्ध : भारोत्तोलकाच्या पट्ट्याची कुळकथा

एखादा माणूस कामाला सिद्ध झाला असे सांगायचे असले, म्हणजे मराठी भाषा त्याच्या कमरेकडे वळते. तो कटिबद्ध होतो, बद्धपरिकर होतो, कंबर कसतो. बाई असली तर ती पदर खोचते. यांतील ‘कटि’ हा कमरेसाठीचा संस्कृत शब्द, ‘परिकर’ म्हणजे कमरेभोवती गुंडाळून आवळलेले वस्त्र, आणि ‘कंबर’ हे फारसी ‘कमर’ या शब्दाचे मराठी रूप होय; याच ‘कमर’ला ‘बंद’ जोडून झालेला ‘कमरबंद’ पुढे हिंदुस्थानातून इंग्रजांच्या मेजवानीच्या पोशाखातही जाऊन बसला. ‘पट्टा’ हा शब्द संस्कृत ‘पट्ट’, म्हणजे कापडाची किंवा धातूची लांबट पट्टी, यावरून आला आहे. शब्दांचे कूळ एवढे जुने असले तरी, इंद्रायणीकाठच्या वराळ्यापासून तळेगाव-वडगावपर्यंतच्या व्यायामशाळांत जिला नुसते ‘बेल्ट’ म्हणतात ती वस्तू मात्र अलीकडची आहे, आणि ती कमरेला आधार देण्यासाठी असते हा सार्वत्रिक समज तिच्या इतिहासाशी जुळत नाही.

या वस्तूचे प्रचलित रूप म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर रुंदीचा, बोटाएवढ्या जाडीचा, न ताणला जाणारा चामडी पट्टा होय. तो मुख्यतः दोन उचलींसाठी बांधला जातो. पहिली स्क्वॉट, म्हणजे वजनाचा बार मानेमागे खांद्यांवर घेऊन काढलेली बैठक. आणि दुसरी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार सरळ हातांनी धरून ताठ उभे राहणे. दोन्हींत ओझे एका टोकाला असते आणि जोर पायांत असतो, तेव्हा मधले धड वाकले तर पायांचा जोर ओझ्यापर्यंत पोहोचतच नाही. पट्ट्याचा सारा इतिहास या मधल्या धडाचा इतिहास आहे.

लंगोट हा या पट्ट्याचा पूर्वज मानण्याचा मोह होतो, परंतु ते कूळ निराळे आहे. लंगोट जांघेला आवळतो आणि पोट मोकळे सोडतो, कारण तालमीतला व्यायाम तशाच प्रकारचा आहे: जोर आणि बैठका शेकड्यांनी काढायच्या असतात, मुद्गलांची जोडी दीर्घकाळ फिरवायची असते, आणि या साऱ्यांत श्वास लयीत चालू ठेवावा लागतो, तो कोंडून धरण्याचा प्रसंग येत नाही. ज्याला एकदाच, सर्व शक्ती एकवटून, जड वस्तू उचलायची असते त्याची गरज वेगळी असते. मारुतीच्या देवळापाशी पडलेली दगडी गोटी उचलणारा गडी आणि धान्याचे पोते पाठीवर घेणारा हमाल हे त्या दुसऱ्या प्रकारात येतात, आणि हमालाच्या कमरेला घट्ट गुंडाळलेला पंचा हाच भारोत्तोलकाच्या पट्ट्याचा खरा सगोत्र म्हटला पाहिजे.

लोखंडी वजनांची परंपरा युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वाढली. बॉस्टनचे डॉक्टर जॉर्ज बार्कर विंडशिप यांनी त्या शतकाच्या मध्यावर ‘हेल्थ लिफ्ट’ नावाचा व्यायाम लोकप्रिय केला. त्यात उचलणारा जू किंवा पट्ट्यांचा सरंजाम अंगावर चढवून, गुडघे किंचित वाकवून, प्रचंड वजन जमिनीपासून थोडेसेच वर घेई. येथे पट्टा ओझे वाहणारा होता, पोट आवळणारा नव्हता. पुढे सर्कशी आणि नाट्यगृहांतून ‘बलवान पुरुष’ हे स्वतंत्र पात्र उभे राहिले, आणि त्याच्या वेषात रुंद पट्टा बहुधा शोभेसाठी आला. त्यांतील सर्वांत गाजलेला युजेन सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, आणि डंबेल व बारच्या व्यायामाची ओढ येथील शहरांत वाढली ती साधारण त्याच काळात. तोवर भारोत्तोलनाची स्पर्धाही रूढ होऊ लागली होती. १८९१ मध्ये लंडनला जागतिक स्पर्धा झाली आणि १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. भारतीय भारोत्तोलन महासंघ १९३५ चा आहे.

शोभेचा पट्टा उपयोगाचा झाला तो या स्पर्धांमुळे, आणि त्यात ‘प्रेस’ या प्रकाराचा वाटा मोठा मानावा लागेल. प्रेसमध्ये बार खांद्यापर्यंत आणून, गुडघे न वाकवता, केवळ हातांच्या जोराने डोक्यावर न्यावा लागे. परंतु वजने वाढत गेली तसे स्पर्धक कमरेतून इतके मागे झुकू लागले की उचल योग्य की अयोग्य हे पंचांना ठरवता येईना, आणि १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकनंतर हा प्रकार रद्द झाला. प्रेस गेला, पट्टा मात्र राहिला. त्याच सुमारास स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन उचलींचा पॉवरलिफ्टिंग हा खेळ वेगळा झाला आणि १९७२ मध्येच त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. येथून पट्ट्याच्या दोन शाखा दिसतात. ऑलिंपिक भारोत्तोलनात बार पोटाजवळून वर झपाट्याने न्यायचा असल्याने पट्टा पाठीशी रुंद आणि पोटाशी निमुळता असतो, आणि नियमानुसार त्याची रुंदी १२ सेंटिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. पॉवरलिफ्टिंगमध्ये तशी अडचण नसल्याने पट्टा सर्वत्र एकाच रुंदीचा असतो. तेथे रुंदीची मर्यादा १० सेंटिमीटर आणि जाडीची १३ मिलिमीटर आहे. पाठीला टेकू देणे हेच काम असते तर पोटाकडची बाजू रुंद ठेवण्याचे कारणच नव्हते. पोटाशी पट्टा का हवा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र मावळातच यावे लागते.

बडोद्यातील जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली १९०७ पासून काही वर्षे ज्या तरुणाने शारीरिक शिक्षण घेतले, तो जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखला गेला. योगक्रिया करताना शरीरात नेमके काय घडते हे उपकरणांनी मोजून पाहावे हा त्यांचा ध्यास होता. उड्डियान आणि नौली करताना त्यांनी आतड्यातला दाब दाबमापकाने मोजला. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकून पोट आत व वर ओढले जाते, आणि नौलीत त्या स्थितीतच पोटाचा मधला स्नायू पुढे काढून फिरवला जातो. नौलीच्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही खाली जातो, म्हणजे आत निर्वात स्थितीसारखे काही निर्माण होते, असे त्यांना आढळले, आणि गुरू परमहंस माधवदासजी यांच्या स्मरणार्थ त्यांनी त्याला ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. १९२४ मध्ये मावळातल्या लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून हे प्रयोग जगापुढे आले.

या प्रयोगांचा वजने उचलण्याशी थेट संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही त्यांचे मोल मोठे आहे, कारण पोट हे केवळ अवयवांचे गाठोडे नसून दाब कमी-अधिक करता येणारी बंद पोकळी आहे, आणि हा दाब इच्छेने बदलता येतो, ही गोष्ट येथे मोजून दाखवली गेली. योगातील ‘बंध’ या संज्ञेचा अर्थही हाच आहे: शरीराचे एक द्वार बंद करून आतला दाब वळवणे. भारोत्तोलक करतो ती क्रिया या प्रयोगाची उलटी बाजू होय. उड्डियानात श्वास सोडून पोट रिकामे केले जाते. स्क्वॉटमध्ये खोल श्वास घेऊन, कंठद्वार मिटून, पोट चहूबाजूंनी बाहेर ढकलले जाते. मिटलेल्या कंठावर जोर देण्याच्या या क्रियेला बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ आंतोनियो व्हाल्साल्व्हा यांचे नाव मिळाले आहे; त्यांनी ती १७०४ च्या आपल्या ग्रंथात कानाच्या संदर्भात वर्णिली होती.

पोटातील दाब आणि पाठीचा कणा यांचा संबंध डी. एल. बार्टेलिंक यांनी १९५७ मध्ये मांडला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की, वर श्वासपटल, खाली श्रोणीचा तळ आणि भोवती पोटाचे स्नायू यांनी बनलेले हे पिंप दाबाने ताठ झाले, म्हणजे ओझ्याचा काही भाग तेच पेलते आणि कण्याच्या चकत्यांवरचा भार हलका होतो. भार नेमका किती हलका होतो यावर पुढे अभ्यासकांत मतभेद झाले. धड ताठ होते याविषयी मात्र फारसा वाद राहिला नाही. १९८९ मध्ये एव्हरेट हारमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमाल क्षमतेच्या ९० टक्के वजनाची डेडलिफ्ट पट्ट्यासह आणि पट्ट्याविना करवून पोटातला दाब मोजला, तेव्हा पट्ट्यासह तो लवकर चढतो आणि अधिक उंचीवर जातो असे दिसले. पट्ट्याचे काम यावरून कळते: पोटाने बाहेर ढकलावे आणि पट्ट्याने मागे हटू नये. ज्याला पोटात श्वास भरता येत नाही त्याने पट्टा कितीही आवळला तरी तो पोटाला फक्त चिमटा बसवतो. या क्रियेची दुसरी बाजूही गंभीर आहे. श्वास कोंडून दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना रक्तदाब सरासरी ३२०/२५० पर्यंत चढल्याची नोंद १९८५ च्या एका अभ्यासात झाली आहे. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याखेरीज हा मार्ग धरू नये.

पट्टा पाठ वाचवतो या समजाचीही परीक्षा झाली आहे. गोदामांत आणि दुकानांत माल हलवणाऱ्या कामगारांना कमरेचे लवचीक पट्टे देण्याची प्रथा अमेरिकेत वाढली, तेव्हा तेथील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ मध्ये निरोगी कामगारांसाठी त्यांची शिफारस करण्यास नकार दिला, आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ हजारांहून अधिक कामगारांच्या पाहणीत पट्टा बांधणारे व न बांधणारे यांच्या पाठदुखीत फरक आढळला नाही. तळेगाव-चाकण परिसरातील कारखान्यांत आणि गोदामांत ज्यांचा दिवस खोकी उचलण्यात जातो, त्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे: दिवसभर बांधलेला लवचीक पट्टा आणि एका उचलीपुरता आवळलेला ताठ पट्टा या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पट्ट्याची निवड या इतिहासातूनच ठरते. ज्याच्याविरुद्ध ढकलायचे ती वस्तू ताणली जाता कामा नये, म्हणून स्क्वॉट आणि डेडलिफ्टसाठी सर्वत्र सारख्या रुंदीचा चामडी पट्टा योग्य. पाठीशी रुंद व पोटाशी अरुंद असा पट्टा, किंवा चिकटपट्टीचा नायलॉनी पट्टा, हे ऑलिंपिक भारोत्तोलनातील क्लीन अँड जर्क, म्हणजे बार आधी खांद्यांवर आणि मग डोक्यावर नेण्याची उचल, करणाऱ्यास सोयीचे असतात. जाडी १३ मिलिमीटरपर्यंत चालत असली तरी तेवढा जाड पट्टा अंगवळणी पडायला महिने लागतात आणि नवख्याच्या बरगडीला तो सोलून काढतो, तेव्हा १० मिलिमीटर बहुतेकांना पुरेसा होतो. बकलांत खटक्याचे बकल झटपट लागते आणि सुटते, परंतु त्याचे माप बदलायला पेचकस घ्यावा लागतो. गावच्या व्यायामशाळेत एकच पट्टा चार जण वापरत असतील तर एका काट्याचे साधे बकलच उपयोगी. डेडलिफ्टमध्ये खाली वाकताना पट्टा बरगडी आणि कटिअस्थी यांच्यामध्ये अडकतो, म्हणून तेथे तो स्क्वॉटपेक्षा किंचित वर किंवा एक भोक सैल बांधण्याची रीत आहे.

रुंदीच्या बाबतीत नियमाची कमाल मर्यादा हेच माप धरण्याची चूक वारंवार होते. मावळातील सर्वांत नामवंत भारोत्तोलक हर्षदा गरुड हिने वडगाव मावळात बिहारीलाल दुबे यांच्या मार्गदर्शनाखाली सराव करून, मे २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे कनिष्ठ जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३, असे एकूण १५३ किलो उचलले आणि या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. ४५ किलो वजनाच्या मुलीच्या बरगडीपासून कटिअस्थीपर्यंतचे अंतर आणि ९० किलोच्या पुरुषाचे अंतर एक नसते. जिच्या धडात १० सेंटिमीटर मावत नाहीत तिने साडेसात सेंटिमीटरचा पट्टा घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही, कारण दाब भरण्याचे काम श्वास करतो.

पट्टा घ्यायला निघालेल्या वराळ्यातील किंवा कोठल्याही गावातील वाचकाने आधी काही महिने पट्ट्याविना, श्वास पोटात भरून धरण्याचा सराव करावा, आणि मग माप घ्यावे. विजारीचे माप सांगून पट्टा मागवू नये. विजार कमरेच्या हाडावर बसते, पट्टा बेंबीच्या रेषेत बसतो. शिंप्याची टेप बेंबीवरून फिरवून येईल तो आकडा खरा, आणि पट्टा असा निवडावा की त्या आकड्याला बकलाचा काटा मधल्या भोकात बसेल.