नोंदीपासून निर्णयापर्यंत

डॉक्टर आणि परिचारिका एकमेकांच्या कामाकडे कोणत्या नजरेने पाहतात, यावर रुग्णाचे बरेच काही अवलंबून असते. धुळे-जळगावच्या वैद्यकीय व नर्सिंग विद्यार्थ्यांना डॉक्टर-परिचारिका सहकार्याच्या अभ्यासाची वाट दाखवावी, म्हणून ही प्रस्तावना.

१९६७ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ लिओनार्ड स्टाइन यांनी वॉर्डातला एक अलिखित खेळ टिपला. रुग्णाला काय हवे हे परिचारिकेला कळलेले असते, पण ती ते आडून सुचवते. डॉक्टरही सल्ला मागितल्याचे न दाखवता तो घेतात. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दोघांची परस्पर सहकार्याबद्दलची वृत्ती मोजण्यासाठी १५ विधानांची मोजपट्टी मांडली. पुढे याच मोजपट्टीने अमेरिका, इस्रायल, इटली आणि मेक्सिको यांची तुलना झाली, तेव्हा चारही देशांत सहकार्याबद्दल डॉक्टरांपेक्षा परिचारिकाच अधिक अनुकूल दिसल्या.

खानदेशात सहकार्याचा हा प्रश्न रुग्णाच्या खाटेजवळ तपासायला हवा. कपाशीवर फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची बाधा झालेल्या मजुराला अ‍ॅट्रोपिन सुरू होते. मात्रा डॉक्टर ठरवतात. पण छातीतली घरघर थांबली का, नाडी किती वाढली, रुग्ण बरळू लागला का, यावर रात्रभर लक्ष ठेवतात त्या सिस्टर. मात्रा कमी पडली तर फुप्फुसे स्रावाने भरतात. जास्त झाली तर भ्रम होतो, ताप चढतो. पुढची प्रत्येक मात्रा त्यांच्या नोंदीवर ठरते. ‘सर, एकदा येऊन बघा’ असे त्यांना निःसंकोच म्हणता येते का, आणि सर लगेच येतात का? वृत्ती कळते ती इथे.

शिवाय इथल्या वॉर्डात अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी अशा बोली कानावर पडतात. बाहेरच्या विभागातून आलेल्या निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी सांगितलेली हकिकत पुष्कळदा स्थानिक सिस्टरच उलगडून सांगते. ती निदानाच्या कामाची माहिती असते. तिला केस पेपरवर जागा मिळायला हवी.

म्हणून नव्या अभ्यासकांनी प्रश्नावलीवर थांबू नये. राउंडमध्ये कोण बोलते, पाळी बदलताना काय सांगितले जाते आणि काय राहून जाते, परिचारिकेची कोणती नोंद उपचार बदलते, हे पाहावे. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी हा अभ्यास वैद्यकीय व नर्सिंग या दोन्ही शाखांचे मिश्र गट करून, एकत्र करावा. सहकार्याचा अभ्यास एकट्याने होत नाही.