बाउडिचची कथा आणि शाळेचा वर्ग

‘कॅरी ऑन, मिस्टर बाउडिच’ ही जीन ली लेथम या अमेरिकी लेखिकेची कुमारांसाठीची सागरी कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळाले. अमेरिकेतल्या बालसाहित्यात या पदकाला फार मान आहे. तेव्हापासून तिथल्या शाळांत, आणि विशेषतः मुलांना घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांत, ती इतिहासाच्या जोडीने वाचली जाते. तिचा नायक नॅथॅनिएल बाउडिच (१७७३–१८३८) हा प्रत्यक्षात होऊन गेलेला माणूस. सागरकथेत हमखास सापडणाऱ्या तोफा आणि चाचे इथे गौण आहेत. खरा थरार आकडेमोडीचा आहे. त्यामुळे ही कादंबरी इतिहासाइतकीच गणिताच्या आणि भूगोलाच्या तासालाही चालते.

कथेची पार्श्वभूमी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराची. अमेरिकेचे स्वातंत्र्य १७८३ मध्ये मान्य झाले आणि ब्रिटिश वेस्ट इंडीजची बंदरे तिच्या जहाजांना बंद झाली. जुना व्यापार तुटल्यावर आठ हजारांच्या आत वस्ती असलेल्या या गावाने पूर्वेकडे मोर्चा वळवला. ‘ग्रँड टर्क’ हे सेलमचे जहाज १७८६ मध्ये कँटनला पोचले. पाठोपाठ मॉरिशस, कलकत्ता आणि मुंबईशी ये-जा सुरू झाली. मुंबईत या कप्तानांचे व्यवहार पाहणारे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र आजही सेलमच्या संग्रहालयात आहे. जोनाथन कार्न्स या कप्तानाने १७९७ मध्ये सुमात्राहून जहाजभर मिरी आणली. त्या एका खेपेत सातशे टक्के नफा झाल्याचे सांगतात. जगाचा नकाशा भिंतीवर लावून हे मार्ग आखले, की एवढ्या लहान गावातली मुले समुद्राकडे का ओढली जात, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बाउडिचचे वडील पिंपे बनवत. घरच्या गरिबीमुळे दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. बाराव्या वर्षी, म्हणजे १७८५ मध्ये, जहाजांना लागणारे सामान विकणाऱ्या एका दुकानात त्याला करारावर उमेदवार म्हणून बांधून देण्यात आले. आजच्या विद्यार्थ्याला या कराराचे स्वरूप नीट समजावून द्यावे लागते. उमेदवाराने मालकाकडे राहायचे, मालकाने त्याला खाऊपिऊ घालून धंदा शिकवायचा आणि मुदत संपेपर्यंत त्याने सोडून जायचे नाही. कराराच्या नऊ वर्षांत बाउडिच स्वतःच बीजगणित शिकला आणि न्यूटन वाचता यावा म्हणून लॅटिनही. त्याला ग्रंथ मिळाले तेही युद्धाच्या कृपेने. आयरिश शास्त्रज्ञ रिचर्ड कर्वन यांचा ग्रंथसंग्रह नेणारे जहाज १७८१ मध्ये अमेरिकी खासगी लढाऊ जहाजाने पकडले होते आणि त्या पुस्तकांतून सेलममध्ये एक ग्रंथालय उभे राहिले होते. कादंबरीकाराला रचावीशी वाटावी अशी ही घटना कागदोपत्री खरी आहे.

वर्गात सर्वांत जास्त वेळ द्यावा तो रेखांशाला. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून काढता येई. रेखांशासाठी मात्र एखाद्या ठरावीक ठिकाणची अचूक वेळ कळायला हवी. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे घड्याळात चार मिनिटांची चूक झाली की रेखांशात एक अंशाची. नेमकी वेळ राखणारी सागरी घड्याळे तेव्हा फार महाग होती. म्हणून चंद्राचेच घड्याळ करायचे. तो ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. तेव्हा चंद्र आणि एखादा तारा यांतला कोन सेक्स्टंटने मोजायचा आणि कोष्टकातून वेळ काढायची. यात मापनाची एक कला (अंशाचा साठावा भाग) चुकली, तर रेखांश अर्ध्या अंशाच्या आसपास चुकतो. विषुववृत्ताजवळ हे अंतर ३० सागरी मैल भरते. हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर करता येते, आणि ते केल्यावर कादंबरीतले रात्रीचे प्रसंग एकदम वजनदार होतात.

कोष्टकच चुकीचे असेल तर हातातल्या सेक्स्टंटचा काय उपयोग? जॉन हॅमिल्टन मूर या इंग्रजाचे नौकानयनाचे पुस्तक तेव्हा जहाजोजहाजी असे. त्यात १८०० हे लीप वर्ष धरलेले होते. शंभराने भाग जाणारे वर्ष चारशेने भागल्याशिवाय लीप धरत नाहीत, हा नियमच तिथे सुटला. विषुवदिनाच्या सुमारास सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, दिवसाला सुमारे २४ कला बदलते; म्हणजे एका दिवसाची चूक झाली तर जहाजाची जागा तेवढेच सागरी मैल हुकणार. बाउडिचने मूरच्या पुस्तकात सुमारे आठ हजार चुका शोधल्या आणि शेवटी १८०२ मध्ये स्वतःचेच ‘द न्यू अमेरिकन प्रॅक्टिकल नॅव्हिगेटर’ काढले. चंद्राच्या गणितात निरनिराळ्या स्थितींसाठी निरनिराळे नियम पाठ करण्याची कटकट त्याच्या पद्धतीने संपवली. ‘अॅस्ट्रिया’ जहाजावर त्याने खलाश्यांना ही रीत शिकवली आणि जहाजाच्या आचाऱ्यालाही ती येत होती, असा प्रसंग त्याच्या मुलाने १८३९ मध्ये लिहिलेल्या चरित्रात आहे.

हे चरित्र कादंबरीशेजारी ठेवून वाचायला दिले, तर लेखिकेचे कसब दिसते. बाउडिचच्या १७९५ ते १८०३ मधल्या पाच सफरी, पहिली पत्नी एलिझाबेथचा तो समुद्रावर असताना १७९८ मध्ये झालेला मृत्यू, ‘पुटनम’ जहाज घेऊन १८०३ च्या नाताळात हिमवादळातून सेलममध्ये केलेला प्रवेश, या घटना इतिहासातल्या. संवाद आणि मनातले विचार लेथमचे. कोणते वाक्य कुठून आले असेल याचा शोध मुले आवडीने घेतात. पुढच्या आयुष्यातले मोठे काम, फ्रेंच गणिती लाप्लासच्या खगोलयांत्रिकी ग्रंथाच्या चार खंडांचे स्वखर्चाने केलेले सटीप भाषांतर, शिक्षकाला वेगळे सांगावे लागते.

कादंबरीची एक मर्यादाही वर्गात मांडायला हवी. ती सगळे जग जहाजाच्या डेकवरून पाहते. ‘पुटनम’ मिरीसाठीच सुमात्राला गेले होते. पण मिरी पिकवणारे आणि विकणारे लोक कथेच्या कडेलाच राहतात. या व्यापाराचा पुढचा इतिहास गोड नाही. वजनमापावरून आणि पैशांवरून तिथे कुरबुरी होत असत. १८३१ मध्ये सुमात्रातल्या कुआला बाटू येथे सेलमच्या ‘फ्रेंडशिप’ जहाजावर हल्ला होऊन काही खलाशी मारले गेले. वर्षभराने अमेरिकी नौदलाच्या ‘पोटोमॅक’ने त्या गावावर सैनिक उतरवले, तोफा डागल्या आणि अनेक रहिवाशांचा जीव घेतला. तेव्हा बाउडिच हयात होता, बॉस्टनमध्ये विमा कंपनीचे काम पाहत होता. मुलांनी कादंबरीतला एखादा सुमात्राचा प्रसंग मिरी विकणाऱ्याच्या बाजूने पुन्हा लिहावा, हा स्वाध्याय इथे सर्वांत उपयोगी पडतो. तो लिहिताना भाव कोण ठरवत असे आणि तराजू कोणाचा असे, हे प्रश्न मुलांना आपोआप पडतात.