चिल्मार्कची वंशावळ

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिण किनाऱ्यालगत असलेल्या मार्थाज व्हिन्यर्ड या बेटावर १७१४ साली सॅम्युअल स्यूअल हा बॉस्टनचा न्यायाधीश गेला असता, मंडळींतील जोनाथन लॅम्बर्ट नामक इंग्रज आपल्याशी चकार शब्द बोलत नाही हे पाहून त्याला राग येऊ लागला होता. परंतु तो गृहस्थ मूकबधिर असल्याचे कळताच न्यायमूर्तींनी ती हकीकत आपल्या रोजनिशीत नमूद केली. पेशाने सुतार असलेल्या या लॅम्बर्टच्या सात अपत्यांपैकी दोन बहिरी निपजली. इंग्लंडच्या केंट परगण्यात मूळ असलेली मोजकी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरीक करीत राहिल्यामुळे एकोणिसाव्या शतकात बेटावरील चिल्मार्क गावी दर पंचवीस माणसांमागे एक जण जन्मतः बहिरा असे, आणि ऐकू येणारी माणसेही लहानपणापासून खुणांची भाषा सहज बोलत. समुद्रावर हाका पोहोचेनाशा झाल्या की एका होडीतला मच्छीमार दुसऱ्या होडीतल्याशी हातांनीच बोले. त्यांतला बहिरा कोणता हे परक्याने ओळखावे कसे?

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल, ज्याची आई बहिरी, पत्नी बहिरी आणि मूळ पेशा बधिरांच्या शिक्षकाचा, त्याने १८८० नंतरच्या दशकात या बेटाचे दप्तर चाळून वंशावळी जुळवल्या. पण ऐकत्या दांपत्यापोटी बहिरी मुले का यावीत, हे कोडे त्यास उलगडेना. मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंध १८६६ सालीच छापला गेला होता, तरी १९०० पर्यंत तो कोणाच्या खिजगणतीत नव्हता. आईबाप दोघांकडूनही मिळाल्यावाचून प्रकट न होणारा गुण, ही कल्पनाच बेलच्या हाताशी नव्हती.

याच बेलने १८८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे असे भय व्यक्त केले होते की, बधिरांच्या निवासी शाळांतून जुळणाऱ्या विवाहांमुळे मनुष्यजातीत बहिऱ्यांचा स्वतंत्र वाणच निर्माण होईल. या बेटापुरते तरी घडले ते नेमके उलट, आणि त्याची विद्वत्ता मान्य करूनही हे नोंदवणे भाग आहे. १८१७ साली स्थापन झालेल्या हार्टफर्ड येथील बधिरांच्या शाळेत बेटावरील बहिरी मुले जाऊ लागली, तेथे त्यांच्या सोयरिकी बाहेरगावच्या बहिऱ्यांशी जुळल्या, आणि त्या बाहेरच्यांचे बहिरेपण कोणाचे तापाने आलेले तर कोणाचे निराळ्याच कारणाचे असल्यामुळे त्यांच्या मुलांना बहुधा ऐकू येई. पुढे बेटावर परक्यांची वस्तीही वाढली, आणि १९५२ साली त्या आनुवंशिक बहिरेपणाची शेवटची व्यक्ती वारली.